'ओलं सिमेंट'वरचे आवाज

३ मार्च, सोमवार
रिडिम झाली एकदाची! शेजारी अंगणात सिमेंट घोटत होते, म्हणून नाव 'ओलं सिमेंट'. ढोल नि बेस माझा. आता गायक येतील आणि या एकाच तालावर जो तो आपापलं गाणं रचेल. मागच्या अंगणातली खोली हाच माझा स्टुडिओ. पुढच्या घरात आई. ती चर्चच्या गायनवृंदाची प्रमुख. या खोलीत तिने कधी पाऊल टाकलेलं नाही.

४ मार्च
आई म्हणाली, "शनिवारी मॅन्डेव्हिलला जाते, तुझ्या मावशीकडे. कायमची. प्रार्थनेला बसलं की तुझ्या त्या ढोलाने दात वाजतात, नोव्हलेट."
मला हसू आलं. मग बघितलं, तर तिच्या टोप्यांचे खोके बांधून तयार. हसू जिरलं.

६ मार्च
पाच आवाज रेकॉर्ड झाले. लेडी झिंक तासभर उशिरा आली नि एका दमात गाऊन गेली. शेवटी आमचा जंक्शन. या पठ्ठ्याने कशावर गावं? रविवारी मोठाल्या टोप्या घालून चर्चला जाणाऱ्या बायकांवर — टोपी काढली तर खाली डोकंच नाही म्हणे!
"अरे, पुढच्या घरात आईला ऐकू जातं."
"मिस आयव्होरीन कुठे आपलं ऐकतात?"
केलं रेकॉर्ड. गाणं झकास होतं, काय करणार. रात्रीच तो तबकडी घेऊन पळाला.

७ मार्च
कोपऱ्यावरच्या दुकानात सकाळपासून तेच चालू. आई ब्रेड आणायला गेली ती रिकाम्या हाताने परतली. जेवताना म्हणाली, "हा तोच ना, ज्याला मी रविवारच्या शाळेत शिकवलं?"
"तोच."
"आणि त्याला कोणी उत्तर दिलं नाही?"
"द्यायचं तर त्याच रिडिमवर गाऊन द्यावं लागतं, आई."
ती बांगड्याचे काटे काढत बसली. तू जाऊ नकोस, एवढंच म्हणायचं होतं मला. मी तिला आणखी भात वाढला.

८ मार्च
मावशीचा मुलगा गाडी घेऊन दारात, आणि आई स्टुडिओत — जांभळी टोपी घालून! "उभं कुठे राहायचं?" एकदाच गायली. एक शिवी न देता जंक्शनची पार सालटी काढली. बाहेर हॉर्न वाजत होता.
"आई, गाडी थांबलीय."
"जाऊ दे त्याला. आता जंक्शन उत्तर देणार. तेव्हा मी इथे नको?"