दाराला हात लावू नये

शुक्रवार, ३ ऑक्टोबर २०२५, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे. गोखिवरे. तुमच्या गॅरेजसमोर उपड्या टोपलीवर बसून, पाठ तुमच्या दाराला घट्ट टेकवून हे लिहितो आहे. (पाठ का टेकवली आहे ते पुढे येईल.)

ती. शांताराममामांना भाचा हितेश याचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, जयवंतीमामींची साखर काबूत आहे का आणि पुण्याला विनिताताईकडे पाणी अजून एक दिवसाआडच येते का, ते कळवावे. इकडे निर्मळला आम्ही सर्व बरे आहोत. तुमचा गोखिवऱ्याचा बंगलाही बरा आहे. कुंड्यांना पाणी घालतो. गॅरेजचे दारही तसे बरेच आहे, फक्त त्याच्याविषयी थोडे सविस्तर लिहायचे आहे. फोनच केला असता, पण फोनवर माझे पहिले वाक्य पुरे व्हायच्या आत तुम्ही "मग तू काय केलंस?" असे विचारता आणि मी घाबरून शेवटचे वाक्य आधी सांगून टाकतो. पत्रात क्रम राहतो. बारावीचे गणित राहिले असले तरी क्रम मला जमतो.

तर क्रमाने. आमचा झेंडू दरवर्षी दसऱ्याला व्यापारी उचलतो आणि बाबांच्या हातात देईल ते देतो, हे तुम्हाला माहीत आहेच. यंदा मी हट्ट धरला की व्यापारी नको, गोखिवऱ्याच्या गाळ्यांना आपण स्वतः फुले द्यायची. तिथे वेल्डिंगवाले आहेत, लेथवाले आहेत, खिळे करणारे आहेत, आणि दसऱ्याला प्रत्येकाला यंत्रासाठी हार लागतो. आठवडाभर सायकलवरून फिरून मी ऑर्डरी लिहून घेतल्या, आगाऊ पैसेही घेतले. बाबा एवढेच म्हणाले, "कळेल." आणि मग आईकडे बघून म्हणाले की नाही जमले तर पुढच्या सोमवारपासून हा चंदनसारला, दिपिकाताईच्या यजमानांच्या मोबाईलच्या दुकानात. मामा, मी एकदा दोन दिवस तिथे बसलो आहे. काचेवर चिकटवलेल्या पट्टीतले बुडबुडे नखाने बाहेर ढकलायचे काम असते. एक बुडबुडा ढकलला की दुसरीकडे निघतो. मला रात्री स्वप्नातही बुडबुडे दिसत होते. म्हणून दसरा बिघडून चालणार नव्हते, हे ध्यानात घेऊन पुढचे वाचावे.

बुधवारी संध्याकाळी मी आणि आई भरलेला टेम्पो घेऊन इथे आलो, म्हणजे सकाळी उठल्या उठल्या वाटप सुरू. टेम्पो रस्त्यावर ठेवता येईना, कारण तुमच्या गल्लीत एक पांढरी गाय आहे, जिची मालकी कोणीच सांगत नाही आणि भूक सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा मी टेम्पो तुमच्या गॅरेजात ठेवला. (तुम्हाला विचारायला हवे होते. पण गॅरेज बांधून तीन वर्षे झाली आणि त्यात अजून गाडी आलेली नाही. पाहुण्यांना दाखवण्यापुरतेच दार वरखाली होते. मला वाटले, दारालाही जरा बरे वाटेल.) आत छताला जे यंत्र आहे त्याला पहिला हार घालायचा, हे ठरलेलेच होते. (कोणी ठरवले ते शेवटी.) यंत्रापर्यंत आईचा हात पोहोचेना, पण यंत्राच्या खाली एक लाल दोरी लोंबत असते, मुठीसकट, जणू हार अडकवण्यासाठीच दिलेली. आईने तिलाच हार बांधला, वर "पानी मार, सुकंल" म्हणाली, म्हणून मी पाणी मारले. हार चांगला जड झाला. आम्ही बाहेर आलो, मी रिमोट दाबला, दार खाली आले आणि अगदी शेवटी आतून 'टक' असा आवाज आला. आई हात जोडून म्हणाली, "पावला रं देव." मीही हात जोडले. त्या 'टक'चा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला.

दसऱ्याच्या पहाटे आंघोळ करून मी रिमोट दाबला. आत यंत्र घर्रर्र करून सुरू झाले, थांबले, आणि दार जागच्या जागी. पुन्हा दाबला. पुन्हा घर्रर्र. म्हणजे हुकूम सुटत होता पण अंमलबजावणी नाही, आमच्या घरात बाबा आणि माझ्यात चालते तसे. मी सेल बदलले. रिमोट उलटा धरून पाहिला. दोन पावले मागे जाऊन, डावीकडून, उजवीकडून दाबला. दारवाल्या कंपनीला फोन लावला तर गांधी जयंतीची सुट्टी. गॅरेजला दुसरे दार नाही, कारण दोन दारे असली की चोराला निवड करता येते, असे तुम्ही मिस्त्रीला सांगितले होते. चोराचे माहीत नाही, पण माझी निवड संपली होती. माझ्याकडे पेचकस होता, तो टेम्पोत. शेवटी यंत्र तापले आणि घर्रर्रसुद्धा बंद झाले. तेव्हा मी पायरीवर बसलो आणि मला बुडबुडे दिसू लागले.

मग वाटले, आपण गोखिवऱ्यात आहोत. इथे शंभर पावलांवर लोखंड कापणारी, वाकवणारी, जोडणारी माणसे आहेत. धावत जितेंद्रकडे गेलो. (फॅब्रिकेशनवाला. तुमच्या खिडक्यांचे गज त्याचेच.) तो धोतर नेसून तयार होता. ग्राइंडर, पाने, पहार, सगळे घासूनपुसून पाटावर मांडलेले. म्हटले, जितूभाई, पाच मिनिटे पहार द्या. तो असा दचकला की जणू मी देव्हाऱ्यातला गणपती उसना मागितला. "येडा झाला काय? पाटावर मांडलंय सगळं. पूजा झाल्याबिगर हात नाय लावायचा. अन् पूजा झाल्यावर तर उद्यापर्यंत नायच." मी म्हटले, मग पूजा करून टाका की. तो म्हणाला, "करतो ना. हार आण."

मामा, मी तिथेच उभा राहून हा हिशोब तीनदा मनात करून पाहिला. दार उघडायला हत्यारे हवीत, हत्यारांना हार हवेत, आणि हार दाराच्या आत. बारावीच्या गणितात असेच काहीतरी होते, त्यात मी राहिलो.

शेवटचा आधार म्हणून लेथवाल्या क्लिफर्डकडे गेलो. म्हटले, हा तर पापडीच्या चर्चला जाणारा माणूस, याला दसऱ्याचे बंधन कुठले? तर त्याचीही लेथ धुऊन, पुसून, वर पांढरा रुमाल घालून तयार, आणि त्याची बायको सेलिन रांगोळी काढत होती. क्लिफर्ड म्हणाला, "बाप्तिस्मा माझा झालाय बाबा, लेथचा नाय. माझे कारागीर आज तिला हात लावू देतील काय? तू हार आणतोयस ना? दोन सांगितलेत. एक लेथला, एक देव्हाऱ्यातल्या आमच्या सायबिणीला, देवमातेला."

हळूहळू सगळे गाळे तुमच्या दारासमोर जमले. हाताने काही करायचे नाही असे ठरलेले असल्यामुळे प्रत्येकाचे तोंड मोकळे होते. एक म्हणाला, व्होल्टेज कमी. दुसरा म्हणाला, रिमोटला दाराची आठवण राहिली नाही. समोरच्या बंगल्यातल्या स्वप्ना टीचरनी खिडकीतून विचारले की तुम्ही बटण नीट दाबले का. जितेंद्र म्हणाला, दाराची दृष्ट काढा, आणि स्वतःच दारावर नारळ फोडला. नारळ फुटला. दाराला पोचा आला. (मोठा नाही. नारळाएवढा.) एवढ्या माणसांत एकानेही दार नुसते हाताने उचलून पाहिले नाही, कारण तुम्ही सांगितलेली आणि मी सुवाच्य अक्षरात लिहिलेली पाटी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती : "दाराला हात लावू नये. दार आपोआप उघडते." पाटीला गोखिवऱ्यात मान आहे, मामा.

गाईला मात्र वाचता येत नाही. दाराच्या खालून एका माळेचे टोक चार बोटे बाहेर राहिले होते. गाय गर्दीतून सावकाश आली (सणाच्या दिवशी तिला कोण अडवणार?), तिने माळ ओढली, ती येईना, म्हणून दाराखाली नाक घातले, मग शिंग घातले आणि मान वर केली. त्याबरोबर दार, तुम्ही ज्यावर लाखभर घातले ते दार, पोळीच्या डब्याच्या झाकणासारखे वर गेले. गर्दीने गाईला हात जोडले. दार खाली येताना ती दोरीही दाराबरोबर पुढे सरकते. आत पाहतो तर तो ओला हार टेम्पोच्या दांडीत अडकून ताणलेला, आणि लाल दोरी त्याच्याबरोबर खाली ओढलेली. आज सकाळी कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला की ती दोरी ओढली की दार यंत्रापासून सुटते, मग यंत्र कितीही फिरो, दार हाताने उचलायचे, लहान पोरही उचलेल. 'टक' तो होता. देव पावला नव्हता, दार सुटले होते.

पुढचे थोडक्यात. गिऱ्हाईक शोधत फिरावे लागले नाही, कारण सगळेच सल्ला द्यायला समोर उभे होते. तिथल्या तिथे टेम्पो रिकामा झाला, गाईने खाल्ले ते सोडून. दुपारी बाबा निर्मळहून आले. रिकाम्या टोपल्या पाहिल्या, एक उलटी करून आत पाहिले, पुन्हा सरळ ठेवली. मग तुमच्या कुंड्यांकडे बघत म्हणाले, "दिवाळीला किती लागतील?" मामा, चंदनसारचे नाव निघाले नाही.

मामींना नमस्कार, विनिताताईला आठवण. सोने समजून पाकिटात आपट्याचे एक पान घातले आहे. पोहोचेपर्यंत वाळेल, तरी सोनेच समजावे.

तुमचा
हितेश

ता. क. बाबांना मी सांगून टाकले की दिवाळीची फुलेही इथूनच देणार, आणि लक्ष्मीपूजनाच्या ऑर्डरी घेतल्या आहेत. विनिताताई म्हणाली की तीन वर्षांनी एकदाची तुमची गाडी आली आहे आणि दिवाळीला तुम्ही तीच घेऊन येणार. फार आनंद झाला. पण कृपा करून भाऊबिजेच्या आत आणू नये. गॅरेजात जागा नाही. खरे म्हणजे पत्र यासाठीच लिहिले.

ता. क. दुसरा. दार पुन्हा यंत्राला जोडायला ती दोरी कशी ओढायची ते कंपनीच्या माणसाने सांगितले, पण मी आता तिला हात लावणार नाही. तूर्त दार कोणीही उचलू शकते. पहाटेपासून गाय येऊन उभी आहे, म्हणून पाठ टेकवून बसलो आहे.

हिशोब. खर्च : सेल ६० रु., सल्लागारांना चहा ४२० रु., नारळ ४० रु. देणे : दाराचा पोचा आणि तापलेले यंत्र, आकडा विचारायचे धैर्य झालेले नाही. येणे : शांताराममामांकडून २५० रु., "माझ्या यंत्राला पहिला हार घाला, आणि सगळ्यांत मोठा घाला, लोकांना दिसला पाहिजे" असे घटस्थापनेच्या दिवशी आईला फोनवरून सांगितले, त्या हाराचे.