आबांनी बघितलेलं विमान

औंढे, ता. मावळ
११ जून २०१७

चि. पवन यास आबांचे अनेक आशीर्वाद आन् जय भीम.

हितं समदं ठीक हाय, तुजं कळव. तू फोन करतोस ते खरं, पर फोनवर मानूस बरं हाय म्हनतो आन् ठिवून देतो. चिठ्ठी कशी, दोनदा वाचाया मिळती.

लोनावळ्याच्या डाक्टरनं डोळं तपासलं. काचबिंदू म्हनाला. कडंकडंनं दिसायचं बंद हुतंय, मधलं तेवढं ऱ्हायलंय, नळीतनं बघितल्यावानी. गेलेलं परत येत न्हाई, हाय ते औशीद टाकून जपायचं. तुजी आई रडाया लागली. म्या म्हनलं, अगं, सारा जलम घाटात रूळ बघत चाललो, आता आनि काय बघायचं ऱ्हायलंय?

पर एक ऱ्हायलंय. तुज्या हातचं लढाऊ इमान उडताना एकडाव बघायचंय. साऱ्या गावाला सांगून बसलोय. परवा सरपंच म्हनला, आबा, त्यातलं पवनचं नक्की काय? म्या म्हनलं, चाकं. तर समदी हसली. हसूंदे. चाकाबिगर काय चालत न्हाई ते रेल्वेत असताना बघितलंय. तरीबी लेका, दुसरं काय गावलं न्हाई व्हय रं तुला?

बाहेरचं लय खाऊ नगंस. आईचा आशीर्वाद. माया हाय तशी ऱ्हाऊंदे.

तुजे
आबा

*

बेंगळुरू
२ जुलै २०१७

ती. आबांस सविनय जय भीम. आईलाही सांगा. वि. वि.

औषध एक वेळही चुकवू नका. सरपंचांना सांगा, लढाऊ विमान धावपट्टीला टेकतं तेव्हा त्याचा सगळा भार चाकांवर येतो. ती नुसती चाकं नाहीत, विमानाचे पाय आहेत. उडालं की पाय दुमडून पोटात घ्यायचे आणि दार लावायचं. आमचे पाय सध्या जड झालेत, ते हलके करण्यातच माझा दिवस जातो.

विमान उडत नाही असं नाही. मी नोकरीला लागायच्या आधीपासून नमुन्याची विमानं उडताहेत. पण अजून ते पुरं नाही. रडार बदला म्हणतात, की नाकाचं वजन वाढतं. वजन वाढलं, की आमचे पाय पुन्हा तपासायचे. तोवर नवं क्षेपणास्त्र लावायचं ठरतं. एक बदललं की दहा बदलतात.

तुम्हाला अर्धवट काही दाखवणं माझ्या जिवावर येतं. नवी आवृत्ती हवाई दलात जाईल त्या दिवशी तुम्हाला पहिल्या रांगेत बसवतो. दोन वर्षं धरा.

आशीर्वाद असू द्यावा.

आपला
पवन

*

लोणावळा
५ सप्टेंबर २०२१

चि. पवनला शुभदाताईचे आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या दोन वर्षांची चार झाली. आबांची नळी आता आणखी बारीक झाली आहे. ताटातली भाकरी दिसली तर वाटी दिसत नाही. लिहिणं थांबलंय, इथून पुढं ते सांगतील आणि मी लिहीन.

एक गंमत कळवते. आईला मी आमच्या शाळेतल्या साक्षरता वर्गाला घातलं. या वयात! बोट ठेवून, एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत वाचते. वाक्य संपेपर्यंत आपण काय वाचलं ते तिचं तिलाच कळत नाही, आणि कळलं की स्वतःच चकित होते. परवा कार्ल्याच्या फाट्यावर एसटीची पाटी वाचत उभी राहिली. वाचून होईस्तोवर एसटी गेली निघून. तरी खूश!

तुमच्याकडं फेब्रुवारीत विमानांचं प्रदर्शन भरतं ना? साध्या माणसांनाही सोडतात म्हणे. पुढच्या वेळी आबांना घेऊन जा. अर्धवट तर अर्धवट. त्यांना त्यातलं काय कळणार आहे? त्यांना तुझं विमान बघायचंय, बस्स.

तुझी
ताई

*

बेंगळुरू
२६ सप्टेंबर २०२१

प्रिय ताईस सप्रेम जय भीम. वि. वि.

प्रदर्शनात उडतं ते जुन्या आवृत्तीचं. त्यात माझं काहीच नाही, माझे पाय नव्या आवृत्तीला आहेत. दुसऱ्याचं काम माझं म्हणून आबांना कसं दाखवू? माझ्या मनाला ते पटत नाही. नव्याचं इंजिन परदेशातून यायचं लांबलंय, नाहीतर एव्हाना झालं असतं. थोडा धीर धरायला सांग.

आईचं ऐकून फार हसलो. तिला शाबासकी दे.

तुझा
पवन

*

औंढे
२० ऑक्टोबर २०२४

चि. पवन यास अनेक आशीर्वाद.

म्या सांगतोय, शुभदा लिवती. माजी भाषा सुधरायची न्हाई अशी ताकीद दिलीया तिला.

लेका, म्या तुजं इमान बघितलं! भात कापाया बाया लागल्या हुत्या, म्या बांधावर बसलो हुतो. लोहगडाच्या अंगानं गडगडलं. तुजी आई वरडली, आवो, मान वर करा, पवनचं इमान आलं! म्या मान वर केली आन् बरुबर नळीत घावलं की रं! राखी रंगाचं, निबार. डोईवरनं गेलं आन् दिसंनासं झालं. चाकं कुटं दिसली न्हाईत. म्हंजे पोटात नीट बसली हुती, दार लागलं हुतं. काम बेस झालंय तुजं. सरपंचालाबी सांगून आलो, जे दिसत न्हाई तेच आमच्या पवनचं.

लय वर्सं तुला टोचून बोललो, ते मनात धरू नगंस. आता डोळं गेलं तरी माजी काय तक्रार न्हाई. रातच्याला झोप लागती.

माया वाढूंदे, कमी हुऊ नगं.

तुजे
आबा

*

बेंगळुरू
१२ नोव्हेंबर २०२४

ती. आबांस सविनय जय भीम. वि. वि.

पत्र वाचून बरं वाटलं. पण एक दुरुस्ती करतो, म्हणजे गावात कुणी तुम्हाला खोटं पाडायला नको. तुम्ही पाहिलंत ते आमचं विमान नाही. पुण्याला लोहगावच्या तळावर सुखोई असतात, त्यातलं ते असणार. ते दोन इंजिनांचं, थोराड. आमचं लहान, एकाच इंजिनाचं, आणि ते अजून तिकडं आलेलंच नाही.

नव्या आवृत्तीच्या चाचण्या चालू आहेत. दलात जायला अजून एखादं वर्ष लागेल. तोवर डोळे जपा. खरं विमान मी तुम्हाला दाखवीनच.

आशीर्वाद असावा.

आपला
पवन

*

लोणावळा
२४ नोव्हेंबर २०२४

चि. पवनला आशीर्वाद.

अरे, तुला अक्कल आहे का रे? एवढं शिकून हेच शिकलास?

तुझं पत्र आलं तेव्हा मी निवडणुकीच्या कामाला वडगावला होते. एरवी तुझी पत्रं मी वाचते आणि नको ते गाळते. आबांना दम निघेना. ते आईला म्हणाले, तूच वाच. आई बोट ठेवून वाचत गेली. ते विमान तुझं नाही हे तिनंच आबांना वाचून दाखवलं. तिला कुठं गाळता येतं? वाक्य संपलं तेव्हा तिला समजलं आपण काय बोलून बसलो ते.

ते तुझं नाही हे तिला त्या दिवशीही ठाऊक होतं. मला म्हणाली, त्यो दरसाली पुढच्या साली म्हनतो, ह्यांचं डोळं थांबत्यात व्हय? आलं ते दाखवलं.

आबा बरं म्हणाले आणि हात धुवायला उठले. भिंत धरत मोरीपर्यंत गेले. त्यानंतर विमानाचं नाव काढलेलं नाही. परवा मी समोर उभी होते, तर कोण आलंय म्हणून विचारलं. ती नळीही मिटली, पवन. आता तू दाखवायचं म्हटलंस तरी बघणार कोण?

आणि आईनं वाचणं टाकलंय. वर्गाला येत नाही, कॅलेंडरकडं बघत नाही. आबा तिला म्हणतात, माजं काय न्हाई, तू वाच. ती ऐकत नाही. चूक माझीही आहे. आबांचं पत्र टाकलं तेव्हाच तुला फोन करून सांगायला हवं होतं. तू समजून घेशील असं धरून चालले.

आजवर आईच्या नावानं एक तरी पत्र लिहिलंस का? सगळी आबांना. तिला लिही. मोठं अक्षर काढ आणि जोडाक्षरं टाळ, तिथं ती अडते.

तुझी
ताई

*

बेंगळुरू
३ डिसेंबर २०२४

आई, जय भीम.

मी पवन. हे तुला लिहितो, आबांना नाही.

मला इतकी सालं जे जमलं नाही ते तू केलंस. आबांना विमान तू दाखवलंस. मी खरं खोटं करत बसलो आणि आबांचे डोळे गेले. मी उगाच शहाणा झालो. चूक माझी आहे, तुझी नाही. मला फार वाईट वाटतं, आई.

तू वाच. पाटी वाच, बाटली वाच, दिसेल ते वाच. इथे कामाची घाई आहे, नाहीतर मीच आलो असतो. हे आबांनाही वाचून दाखव.

तुझा
पवन

*

लोणावळा
१५ डिसेंबर २०२४

चि. पवनला ताईचे आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आज सकाळी मीच आईच्या हातात दिलं. पाकिटावर स्वतःचं नाव बघून आधी पदराला हात पुसले. मग ओट्यावर उन्हात बसून वाचलं, ओठ हलवत, पण आवाज न काढता. मी मदतीला गेले तर हातानंच थांब म्हणाली. संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि डोळे पुसले.

आबा आतून विचारायला लागले, काय लिवतोय पवन? मोठ्यानं वाच की. आईनं कागदावर बोट ठेवलं. नेहमीसारखंच अडखळत, एकेक अक्षर जोडत तिनं वाचून दाखवलं, ‘मी नव्या वर्षाला घरी येतो आहे, चांगला महिनाभर राहीन.’ मधे एका शब्दाला मुद्दाम अडलीसुद्धा.

मी मागून पत्र बघितलं. त्यात तसं कुठंही नाही.

आबांनी लगेच दाढी करून घेतली. खाट झटकायला लावली. दुपारी मी निघाले तेव्हा ओट्यावर रस्त्याकडं तोंड करून बसले होते आणि नवं वर्ष कधी लागतं ते आईला विचारत होते. ती कॅलेंडर काढून वाचत होती.

या वेळी दुरुस्तीचं पत्र पाठवू नकोस. जे तिनं वाचलंय ते खरं कर. लोभ कागदावर पुष्कळ झाला, आता तो घेऊन ये.

तुझी
ताई