केस न गळणारं कुत्रं

१४ मार्च
आजही मामा जेवताना काही बोलले नाहीत. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, गेल्यापासून असंच. देवणीचं घर बंद करून सासऱ्यांना इकडे लातूरला आणलं तेव्हा वाटलं होतं, नातीत रमतील. कसलं काय. गॅलरीत बसतात, खालच्या गाड्या बघतात. आयुष्यभर एसटी चालवलेला माणूस.

संजय म्हणाला, कुत्रं आणू. गावी त्यांच्या पायात कायम एखादं असायचंच. मी म्हटलं, आणि आम्ही दोघी? माझा दम्याचा पंप पर्समध्ये, अनूचा दप्तरात. झाडू मारला तरी मायलेकी शिंकत सुटतो. तर म्हणे केस न गळणाऱ्या जाती असतात. ताट तसंच ठेवून मोबाइल घेऊन बसला.

२० मार्च
घरात दुसरा विषय नाही. लॅब्राडोर बाद. पोमेरियन बाद, त्याचे तर डाळीतसुद्धा सापडतील. पूडल बरं, पण त्याला सारखी कटिंग, आणि इथे करणार कोण. शेवटी शित्झूवर गाडी आली. त्याचे केस आपल्यासारखे वाढत राहतात, गळतात कमी. रोज विंचरायचं.

अनूने आजोबांना फोटो दाखवले. बराच वेळ बघून मामा म्हणाले, "केस न गळणारं? मग काय पलाष्टिकचं हाय का?"

अनू हसली. तिच्याबरोबर मामाही हसले, अगदी आवाज करून. मला स्वयंपाकघरात भरून आलं. तिथूनच म्हटलं, आणा. मला कुणी बळजबरी केली नाही, हे लिहून ठेवते.

२ एप्रिल
नांदेडला जाऊन आलो. वैशालीताईंकडे, म्हणजे नणंदेकडेच शित्झू आहे, शेरी. तिला पिल्लं झालीत. दम्याचे डॉक्टर म्हणाले होते, आधी अशा कुत्र्याजवळ तासभर बसून बघा, त्रास नाही झाला तर पुढचं बघू. म्हणून मी आणि अनू मुद्दाम गेलो.

ताईंचं घर नेहमीसारखं चकचकीत. फरशीत तोंड दिसत होतं. दिवाणावर कोऱ्या चादरी, कूलर चालू, सगळ्या खिडक्या उघड्या. शेरी अनूच्या मांडीवर लोळली, माझा हात चाटला. मी आपली छातीकडे लक्ष देऊन बसलेली. काही नाही. शिंक नाही, खवखव नाही.

"वहिनी, कधीची सांगून राहिले मी, काही होत न्हाई म्हणून," ताई म्हणाल्या. जेवायला पुरणपोळी केली होती. एक पिल्लू ठरवलं. येताना अनू गाडीत गाणी म्हणत होती.

१० एप्रिल
आलं! पांढरं-तपकिरी, डोळ्यांवर झिपऱ्या. अनूने नाव ठेवलं कोको. मामा म्हणाले, ते कसलं नाव. संध्याकाळी ते पुढे चालले आणि हे मागे दुडूदुडू. "ड्रायव्हर पुढं, कंडक्टर मागं." झालं, नाव पडलं. कंडक्टर.

२१ एप्रिल
मामा बोलतायत. माझ्याशी नाही, अनूशीही नाही, कंडक्टरशी. त्याला विंचरताना उदगीर गाडीच्या सगळ्या गोष्टी. कुठल्या स्टॉपवर कोण म्हातारी दही घेऊन चढायची, ब्रेक गेला तेव्हा काय केलं. आज आत्याबाईंचं नावही आलं. "तिला लई आवडला असतास बग तू." मी धुणं वाळत घालत होते. तशीच उभी राहिले.

३० एप्रिल
ऊन असं की दुपारी दार उघडवत नाही. कंडक्टर सारखा धापा टाकतो. हे थंड देशातलं कुत्रं, चपट्या नाकाचं, त्याला लातूरचा उन्हाळा काय झेपणार, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. मामांनी स्वतःचा कूलर त्याच्याकडे वळवलाय. नळाला पाणी आठवड्याने, तर स्वतः अर्ध्या बादलीत आंघोळ उरकतात आणि अर्धी त्याला.

अनूचे डोळे लाल. माझ्या छातीत शिट्टी. समोर बांधकाम चालू आहे, त्याची धूळ असेल. धूळच असेल.

बुद्धपौर्णिमा
विहारातून आल्यावर घरी खीर. बरीच मंडळी आली. मामा प्रत्येकाला कंडक्टरची ओळख करून देत होते, "जयभीम घाल रे!" आणि त्याचा पुढचा पाय वर.

वैशालीताईही आल्या होत्या. माझं नाक बघून म्हणाल्या, "अगं बाई, तुम्हाला आमच्याकडं तर काहीच झालं न्हवतं!" मग आपणच कौतुकाने सांगायला लागल्या. आम्ही येणार म्हणून आदल्या दिवशी त्यांनी गाद्या उन्हात टाकल्या, पडदे धुतले, फरशी दोनदा पुसली. शेरीला सकाळी शाम्पूने आंघोळ. "पावण्यांसमोर घाणेरडं कुत्रं कसं आणायचं?"

मी खिरीचं पातेलं धरून बघत राहिले. त्यांचं काय चुकलं? आमच्याकडे पाहुणे येणार असते तर मीही तेच केलं असतं. मुलगी बघायला गेलं की कुणाच्या घरात पसारा दिसतो का कधी? आम्ही कुत्रं बघायला तसेच गेलो आणि पसंत करून आलो.

२० मे
अनूला पहाटे धाप लागली. पंपाने भागेना. दवाखान्यात वाफ दिली तेव्हा ओठांवर रंग आला.

डॉक्टर म्हणाले, केसांचं काय घेऊन बसलात, त्रास असतो लाळेचा आणि कातडीच्या कोंड्याचा. ते सगळ्याच कुत्र्यांना असतं. कुणाला त्रास कमी होतो, कुणाला जास्त. तुमच्या मुलीला होतोय.

घरी आल्यावर अनू म्हणाली, आई, मी खालच्या काकूंकडे झोपते, पण त्याला पाठवू नका. मामा दारात उभे होते. त्यांनी कंडक्टरला उचललं आणि गॅलरीत जाऊन दार लावून घेतलं. एवढ्या उन्हात.

२३ मे
मामा सकाळीच तयार. धोतर, टोपी, पिशवी. भाजीच्या टोपलीत कंडक्टर.

"देवणीला जाऊन येतो शीला. घर बंद हाय कवापासून, वाळवी लागली असंल."

"ह्याला कामून नेताय?"

"कंडक्टरबिगर गाडी सुटती व्हय?"

हसत म्हणाले. मला म्हणायचं होतं, थांबा, संजयला उठू द्या, काहीतरी मार्ग काढू. आणि मी म्हटलं काय? "पाण्याची बाटली भरून देते." बाटली भरून दिली. जिना उतरताना त्यांनी कठडा धरला होता. दार लावलं आणि मला हायसं वाटलं. खरंच वाटलं. त्याची आता लाज वाटते.

३ जून
घर धुतलं, पडदे धुतले. अनूला दहा दिवसांत एकदाही पंप लागला नाही. माझ्याशी धड बोलत नाही, ते वेगळं.

संजयने फोनवर सांगून पाहिलं, कुत्रं ताईकडे ठेवू, तुम्ही या. मामा म्हणाले, "आता रुळलाय हितं. पडवीत गार असतंय." स्वतःचं काहीच नाही. शेजारची बाई भाकरी देते म्हणे.

हे सगळं त्यांच्यासाठी केलं होतं. त्यांनी बोलावं म्हणून. आता बोलतायत, देवणीत, रिकाम्या घरात, कुत्र्याशी.

१९ जून
शाळा सुरू. शिकवायला रोज चाकूरला अप-डाऊन. बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसते हल्ली, उगाच.

रविवारी देवणीला जायचं ठरलं होतं. अनूची ट्युशन, माझं ट्रेनिंग. राहिलं.

५ जुलै
मामांचा फोन, मलाच. पाऊस बरा आहे, सोयाबीन उगवलंय सगळ्यांचं. अनूची छाती कशी हाय, तुझी कशी हाय. बरी आहे म्हटलं. "मग झालं तर."

मग म्हणाले, "माझं स्वेटर हाय बघ कपाटात, वरच्या फळीवर. आन् कानटोपी. देवणी गाडीच्या ड्रायव्हरजवळ दे. वळखीचा हाय."

"मामा, आत्ता स्वेटर? थंडीला अजून किती अवकाश आहे."

"असू दे. हाताशी असलेलं बरं."

फोन ठेवला. म्हणजे हिवाळाही तिथेच काढणार. स्वेटर काढलं, घडी करून पिशवीत घातलं, पिशवी शिवून वर नाव घातलं. मग टाके उसवले. सकाळी साडेसातला गाडी असते. ड्रायव्हरकडे द्यायची, की मीच घेऊन जायची? गेले तर काय तोंडाने म्हणू, चला घरी? आणि त्यांनी विचारलं, दोघं येऊ का, तर?

पिशवी खुर्चीवर आहे, उघडीच. अनूने विचारलं, कुणाची? आजोबांची, म्हटलं.