तिरकी मोहोर

४ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आईचा दम वाढलाय. तिची इंजेक्शनं इथे मिळत नाहीत, आणि तुझं मागचं पार्सल कस्टमनं तीन आठवडे अडवून धरलं. डॉक्टर म्हणतात, एवढा वेळ आता हातात नाही. वकिलातीची टपालाची थैली तूच बांधतोस ना? ती सरहद्दीवर कुणी उघडत नाही, असं तूच मिशीला पीळ देऊन सांगायचास. तीत एक डबी टाक. नाही म्हणू नकोस.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
ताई

९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

थैलीत सरकारी कागदांखेरीज काही घालायचं नसतं, म्हणूनच ती कुणी उघडत नाही. अकरा वर्षांत मी साधं शुभेच्छापत्रही घातलं नव्हतं. आज डबी घातली. तोंड शिवलं, गाठीवर लाख ओतली, मोहोर दाबली. ती कशी उमटली, हे न बघताच थैली गाडीत टाकली. शुक्रवारी तिकडे परराष्ट्र खात्याच्या टपालखान्यातल्या माझ्या मित्राला भेट, थैली तिथेच उघडतात. आणि लहानपणी मला भित्री भागूबाई म्हणायचीस, ते आता मागे घे.

आईला नमस्कार. लोभ आहेच, तो वाढू दे.
धाकटा

१७ मार्च

ती. ताईस,
सा. न.

थैली परत आली. मोहोर तिरकी उमटली होती, अक्षरं पुसट. मोहोरेचा संशय आला की थैली न उघडता परत धाडायची, हा नियम नव्या लोकांना मीच शिकवतो. साहेबांसमोर उघडली, डबी निघाली. मी खरं ते सांगितलं. ते म्हणाले, आधी विचारलं असतंस तर कस्टमला माझी एक चिठ्ठी पुरली असती. चिठ्ठी लगेच दिली. डबी आजच्या विमानानं निघाली आहे. माझ्या नोकरीचं व्हायचं ते होवो. आई कशी आहे तेवढं कळव.

धाकटा

२१ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

डबी आणि तुझं पत्र काल बरोबरच आलं. आई परवा गेली.

शुक्रवारी मी टपालखान्यातून हात हलवत परतले. तिला सांगितलं, औषध आलं. नर्सबाईंच्या हातापाया पडून रोज साध्या पाण्याचं इंजेक्शन द्यायला लावलं. तिला खरंच हुशारी वाटायला लागली. मंगळवारी उठून बसली, शेजारणीला म्हणाली, धाकट्यानं वेळ साधली हो. मला तुझा राग आलाय. स्वतःचा त्याहून जास्त.

त्याच मंगळवारी तिनं तुला लिहायला सांगितलं होतं, की मला उतार पडतोय, सुट्टी काढून यायची घाई करू नकोस. तेव्हा माझ्यानं लिहवलं नाही. आज लिहिते आहे.

लोभ होता तसाच आहे.
ताई