फाटकाबाहेर गेलेली मिशी

६ फेब्रु. १९७८, सोम.
नागपूरच्या वर्तमानपत्रासाठी लिहिलेला मजकूर दुपारच्या गाडीनं रवाना. कॉलेजात प्राचार्यांनी गाठलं. मार्चपासून वर्ग सकाळी साडेसातला भरवायचे म्हणतात. घरून यायला किती वेळ लागतो, ते सगळ्या मुलांना विचारून झालंय. "औसत पौन घंटा है, प्रोफेसर साहब. फिर दिक्कत क्या है?" म्हटलं, नुसत्या सरासरीवर जाऊ नका, शनिवारपर्यंत थांबा. सांख्यिकीच्या वर्गाला खोका-मिशा आकृती शिकवायचीच आहे, हेच आकडे घेतो.
तासानंतर कुसुम थांबली. परसवाड्याच्याही पलीकडच्या खेड्यातली, घरून दोन-तीन तासांची वाट. तिची पहिली बस इथं नऊनंतर पोचते. "दादा म्हणते, बस नाही तं कॉलेज नाही. सर, परीक्षा तरी देता येईन ना मले?"


८ फेब्रु., बुध.
फळ्यावर आकृती. मधली निम्मी मुलं खोक्यात, दोन्हीकडे टोकाच्या मुलापर्यंत ओढलेल्या रेघा म्हणजे मिशा. खोक्याचा उजवा भाग लांब आला, की अख्खा वर्ग म्हणतो इथं पोरं जास्त. तीनदा समजावलं. "हौ सर" म्हणाले, आणि वहीत तेच लिहिलं.

१० फेब्रु., शुक्र.
वर्ग मैदानात नेला. दिलीपनं कबड्डीचा चुना आणला. भिंतीपासून रेघ, दोन मिनिटांचं एक पाऊल. ज्याला जितका वेळ लागतो, त्यानं तिथं उभं राहायचं. भिंतीशी शहरवाल्यांची रेटारेटी, पुढं विरळ. ओळीनं मुलं मोजून सारखे चार भाग पाडले, मधल्या दोन भागांभोवती चुन्याचा खोका. दिलीप मोजून आला. "अबे, जागाच मोठी आहे, पोरं तेवढीच!" सुटलो.
कुसुम मात्र खोक्यात उभी. विमल ओरडली, "काहून वं, तुई बस उडत येते का?" हशा. कुसुम मान खाली घालून पावलं मोजत चालू लागली. मैदान संपलं, फाटक आलं, ती बाहेर सडकेवर. दिलीप मागोमाग रेघ ओढत होता, त्याचा चुना फाटकाशीच संपला. "सर, इची मिशी तं सडकेवर गेली!" तेव्हा कुठे तीही हसली.

११ फेब्रु., शनि.
प्राचार्यांना मैदान दाखवलं. खोक्यापासून फाटकापर्यंत चालत गेले, बाहेर डोकावले. "वहाँ कौन था?" नाव सांगितलं. "एक लड़की के लिए..."
मी म्हटलं, "औसत में वह भी थी, सर."
"सोमवार को देखते हैं."

१३ फेब्रु., सोम.
वेळ बदलल्याची नोटीस अजून नाही. प्राचार्य जबलपूरला, बुधवारी येणार.
नऊनंतर फाटकाशी गलका. दिलीप सडकेवर चुना टाकत होता. आज काय रे हे? "त्या दिवशी राह्यलं होतं, सर. साहेब येतीन तं रेघ पुरी दिसाले पाह्यजे."
कुसुम बसमधून उतरून, थैली खांद्याला तशीच, पुढं उभी. "अजून, दिलीप. अजून पुढं."