माझ्या परस्पर केलेला फोन

दादा,

आईबाबांना नमस्कार. तुला आज नाही.

आज मी पहिल्यांदा एकटीने विमान उडवलं. धावपट्टीजवळ आमचे शिक्षक खाली उतरले आणि म्हणाले, "जा, एक फेरी मारून ये." शेजारची खुर्ची रिकामी, वजन कमी, त्यामुळे विमान भराभर वर चढलं. उतरताना जरा आपटलं, पण नीट थांबलं. हे आपटल्याचं आईला सांगू नकोस.

बरोबर शिकणारे सगळे टाळ्या वाजवत होते, तेवढ्यात शिक्षक हसत म्हणाले, "तुझा भाऊ फोनवर सांगत होता, तिला एवढ्यात एकटीला सोडू नका." सगळ्यांसमोर! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. माझ्या परस्पर ठरवणारा तू कोण रे? मी काय कुक्कुलं बाळ आहे?

बाबांचा खोकला कमी झाला का? त्यांनीच तुला फोन करायला लावला असेल, तर तसं स्पष्ट लिही. मग त्यांच्याशीही भांडेन.

भीती वाटली रे. वर वळताना तर फारच. ते मी तुलाच सांगणार होते, सगळ्यांत आधी. आता तुला ऐकायला मिळतंय, तेही असं, रागारागात.

उद्या मी पुन्हा एकटीच जाणार आहे.

तुझ्यावर भयंकर चिडलेली,
तुझीच धाकटी