आमच्या स्टॉपवरचा बोर्ड

विश्रांतवाडी, पुणे

ती. कुसुमताईस धाकट्या हिंमतचा, पाया पडल्यासारखा समजून घ्यावा असा नमस्कार.

तुझे गुडघे काय म्हणतात? अमरावतीचं ऊन उतरलं का? भाऊजींनी साखर सोडली, की तू पाठ फिरवलीस की खातात? इकडे आम्ही दोघं ठणठणीत. (हिची पाठ दुखते, पण ती माझ्यामुळे, असं तिचं म्हणणं.) फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

विषय तुझ्या शुभंकरचा आहे. घाबरू नकोस, पोरगा गुणी आहे. हिंजवडीतल्या त्याच्या कंपनीने आमच्या बसस्टॉपवर बोर्ड लावलाय. कोणती बस किती मिनिटांत येणार, ते त्यावर लाल अक्षरांत उमटतं. म्हणे बसमधलं यंत्र उपग्रहाला सांगतं आणि उपग्रह बोर्डाला. म्हणजे आळंदीहून निघालेली बस आधी आभाळात जाऊन येते. मला विचारलं असतं तर एवढी पायपीट वाचली असती.

तुला माहीतच आहे, खडकीच्या कारखान्यात एकतीस वर्षं मी हजेरीच्या खिडकीवर काढली. रिटायर झाल्यापासून रोज सकाळी नऊला स्टॉपवर जाऊन बसतो. (जायचं कुठेच नसतं. पण घरात दिसलो की ही लसूण सोलायला देते.) स्टॉपलगतच्या सर्जेरावच्या हॉटेलात दुधाचं दुसरं पातेलं चढलं, की स्टेशनची बस दहा मिनिटांवर, हे माझं गणित. आख्खा स्टॉप मलाच विचारायचा. स्टेशनजवळच्या शाळेत शिकवणाऱ्या द्वारकाबाई तर मी मान हलवल्याशिवाय पिशवी उचलायच्या नाहीत.

बोर्ड लागला आणि सगळे माना वर करून उभे राहायला लागले. मी ठरवलं, याची जिरवायचीच. सोमवारी बोर्ड म्हणाला तीन मिनिटं. दुसरं पातेलं तर अजून चढलंच नव्हतं. मी जाहीर केलं, बोर्ड थापा मारतोय, चांगली पंधरा-वीस मिनिटं आहेत, चला, चहा माझ्याकडून. द्वारकाबाई धरून सात जण आले. ग्लास हातात पडले आणि समोरून बस गेली, बरोबर तिसऱ्या मिनिटाला. सात जण ग्लासांसकट मागे धावले. (पाच ग्लास परत आले.) द्वारकाबाईंना शाळेत लेट मार्क बसला. यात माझी चूक काडीची नाही. पहिल्या पातेल्यानंतर सर्जेरावचा गॅस संपला होता. गणित बरोबरच होतं, पातेलं उशिरा आलं.

मंगळवारपासून मला कुणी विचारेना. टोमणा मारला नाही कुणी, नुसतं विचारलं नाही. ताई, खरं सांगतो, फार वाईट वाटलं. कारखान्यातून निघालो तेव्हा निदान शाल-नारळ तरी मिळाला होता.

असो. बाकी मी अगदी मजेत आहे. भाऊजींना नमस्कार आणि साखरेवर लक्ष.

तुझा,
हिंमत

ता. क. : शुभंकरला सांग, साहेबाला न कळवता आमचा बोर्ड पाच मिनिटं चुकता ठेव. पाचच. मामाने लहानपणी खांद्यावर बसवून सर्कस दाखवली होती, तेवढी आठवण कर म्हणावं.

ता. क. दुसरा : पत्र टाकायला निघालो होतो, ते परत उघडलं. आत्ता स्टॉपवर द्वारकाबाई भेटल्या. चष्मा घरी विसरल्या होत्या. म्हणाल्या, "अहो हिंमतराव, गाडी कधी?" मी आधी सर्जेरावच्या पातेल्याकडे बघितलं, मग हळूच वर बघितलं, आणि म्हणालो, "सात मिनिटं." सातव्या मिनिटाला बस आली. चढताना बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हिंमतरावांचा अंदाज त्या बोर्डाला जन्मात जमायचा नाही." तेव्हा शुभंकरला म्हणावं, बोर्डाला अजिबात हात लावू नकोस. जमलं तर अक्षरं तेवढी बारीक कर.